कायकातील सोबती



निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत एकाच धुळीत वर्षानुवर्षे शेजारी बसलेल्या स्त्रिया, वडगावात एका छपराखाली माग चालविणारे विणकर, उद्यमबागेतील एकाच पाळीचे कामगार, यांचे परस्परांशी नाते कोणते? ते रक्ताचे नव्हे, सोयरिकीचेही नव्हे. मग काम सुटले की ते संपावे काय? कोणी म्हणेल, गरज होती तोवर सोबत होती. आता ज्याला त्याला आपापला प्रपंच आहे. हे वरवर खरे भासते. परंतु तपासून पाहावे.

शरणांनी उपजीविकेला ‘कायक’ म्हटले. बाराव्या शतकात अनुभवमंटपात मडिवाळ माचय्या परीट होते, अंबिगर चौडय्या नावाडी, नुलिय चंदय्या दोर वळणारे. काम हीच जर पूजा, तर कामातला सोबती पूजेतला सोबती ठरतो. तो केवळ हजेरीपटावरचे नाव कसा राहील? कल्याणच्या उत्पातानंतर शरण विखुरले. चन्नबसवण्णा उळवीला गेले. डोहर कक्कय्यांची समाधी आपल्या खानापूर तालुक्यात कक्केरीला आहे. मंटप मागे राहिला, शरणसंबंध सुटला नाही.

1981 साली तंबाखू उत्पादक शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडून बसले. पोलिसांच्या गोळीबारात काहींचे प्राण गेले. त्या रस्त्यावर एकमेकांच्या शिदोरीतली भाकरी खाल्लेले जे आज हयात आहेत, ते आता वृद्ध झाले. त्यांना परस्परांच्या घरची वाट अजून ठाऊक आहे काय?

‘वेळच मिळत नाही,’ असे आपण म्हणतो. येथे आयदक्की लक्कम्मा आठवावी. मारय्यांनी एके दिवशी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ वेचून आणले, तेव्हा तिने ते परत ठेवून यायला सांगितले. वेळेचेही असेच आहे. गरजेपुरता व्यवसाय केला तर दासोहाला वेळ उरतो. अधिकाची हाव धरली की पहिला बळी जुन्या सोबत्याचा जातो, कारण तो मागायला येत नाही.

सर्वांना सांभाळणे कोणासही शक्य नाही, धर्मही ते मागत नाही. तो एवढेच मागतो: मुलाच्या नोकरीसाठी ज्याचे दार आठवते, त्याच्या आजारपणातही ते आठवावे. मोबाईलवर सणाच्या शुभेच्छा धाडल्याने हे ऋण फिटत नाही. यंदा एका तरी सोबत्याच्या उंबऱ्याशी काही काम नसताना जा. काम नसताना गेलेले पाऊल हाच त्या नात्याचा दासोह होय.

शरणु शरणार्थी.