तासाचे मोल आणि तासाचे सत्य

परवा कीर्तन आटोपल्यावर एक तरुण जवळ येऊन बसला. नोकरी नाही, घरी बसून संगणकावर परदेशच्या गिऱ्हाइकांची कामे करतो आणि तासांवर बिल लावतो. म्हणाला, "महाराज, एक विचारू का?" हकीगत अशी. एका कामाला दहा तास लागतील असा त्याने अंदाज कळवला होता. परंतु पूर्वी स्वतःसाठी लिहून ठेवलेला एक प्रोग्राम नेमका उपयोगी पडला आणि चार तासांत काम पुरे झाले. आता बिलात दहा लिहावे की चार? गिऱ्हाईक दहाचे पैसे द्यायला तयारच होते. घरभाडे डोक्यावर, आईचे औषध चालू. सहा तासांचे पैसे म्हणजे त्याला थोडे नव्हेत.

वाचकहो, प्रश्न लहान दिसतो, पण घरोघर येऊ लागला आहे. तेव्हा शास्त्राच्या रीतीने आधी पूर्वपक्ष मांडू.

पूर्वपक्षी म्हणतो, दहा लिहिण्यात दोष कोणता? गिऱ्हाइकाला काम हवे होते, ते चोख मिळाले. किंमत त्याला मान्य होती. शिवाय मंदगती माणसाने दहा तास घालवावेत आणि जास्त घ्यावे, कुशल माणसाने चारांत उरकावे आणि कमी घ्यावे, हा कुठला न्याय? ही तर कौशल्याला शिक्षा झाली!

अहो, हा आक्षेप पोकळ नाही. त्याचा अर्धा भाग खराच आहे. तासावर मोल ठरवले की शहाण्याचे नुकसान होते, हे मान्य. पण त्याचा उपाय कोठे करावयाचा, यात पूर्वपक्षी चुकतो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कामगाराच्या वेतनाचा विचार आहे. वेतन बोलून ठरले असेल तर ठरल्याप्रमाणे द्यावे. ठरले नसेल तर काम आणि काळ पाहून द्यावे, असा त्याचा आशय. म्हणजे आधी बोली, मग माप. गवंड्याचेच पाहा ना. तो रोजावर येतो किंवा काम उक्ते घेतो. उक्ते घेतले तर चार दिवसांत करो की दहा दिवसांत, रक्कम तीच. रोजावर आला तर दिवस मोजायचे. दोन्ही रीती न्याय्य आहेत. परंतु रोजावर यायचे आणि मनातल्या मनात उक्त्याचा हिशेब धरायचा, ही तिसरी रीत न्याय्य नाही. कारण ती एकालाच ठाऊक असते.

येथेच सिद्धांत येतो. दर हा संमतीचा विषय आहे. तास हा सत्याचा विषय आहे. कुशल माणसाने दर दुप्पट सांगावा, तिप्पट सांगावा. गिऱ्हाइकाला परवडला तर देईल, नाही तर दुसरा पाहील. पण चार तासांना दहा म्हणण्याची मुभा कोणाच्याच संमतीने मिळत नाही. गवंड्याला मालक डोळ्यांनी पाहतो. समुद्रापलीकडचे गिऱ्हाईक काय पाहणार? त्याच्यापुढे फक्त बिल. तेव्हा बिल ही साक्ष आहे, बरं का. आणि साक्षीदारही आपण एकटेच!

हा पेच नवा नाही. अमेरिकेत वकील तासावर फी घेतात आणि पुष्कळ ठिकाणी सहा सहा मिनिटांचा, म्हणजे आपल्या पंधरा पळांचा, हिशेब ठेवतात. तिथल्या बार असोसिएशनने १९९३ साली मत दिले की, एका अशिलासाठी प्रवास करताना दुसऱ्याचे काम केले, तर तोच तास दोघांच्या नावे लावता येत नाही. आणि एकदा केलेले काम दुसऱ्या अशिलाला उपयोगी पडले, तर ते तास पुन्हा मोजता येत नाहीत. यंत्रबुद्धीच्या साहाय्याने काम लवकर झाले, तरी प्रत्यक्ष लागला तेवढाच वेळ लावावा, असे त्याच संस्थेने २०२४ साली सांगितले. त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर यात जवळजवळ आलेच.

आता उलट बाजू. कित्येक भिडस्त माणसे बारा तास राबतात आणि "जास्त दिसेल" म्हणून आठच लिहितात. त्यांना वाटते, हा आपला चांगुलपणा. पण खोटे कमी बाजूला झुकले म्हणून खरे होत नाही. गिऱ्हाईक पुढच्या वेळी आठांचीच अपेक्षा धरते आणि त्याच मापाने दुसऱ्या गरिबालाही मोजते. द्यायचीच असेल तर सूट द्यावी. बारा लिहून खाली चारांची सूट वेगळी दाखवावी. मग दान दान राहते आणि हिशेब हिशेब राहतो. फिरताना केलेला विचार, नवी विद्या शिकण्यात गेलेला वेळ, यांचे मोल घ्यायचे तर तेही आधीच बोलून ठेवावे. बोललेले असले म्हणजे लाजायला नको आणि लपवायलाही नको.

मी त्या मुलाला म्हटले, "बाळा, यंदा चार लिही. पुढचे काम उक्ते घे, नाही तर दर वाढव, आणि वाढवताना संकोचू नकोस. तुझी विद्या कष्टाची आहे." तो म्हणाला, "आणि या महिन्याचे भाडे?" त्या प्रश्नाला माझ्यापाशी शास्त्र नव्हते. घरमालकाकडून आठ दिवसांची मुदत मागावी, एवढेच सांगू शकलो. मुदत मागताना मान खाली घालावी लागते खरी. पण ती पुन्हा वर करता येते.