जाणारा आणि राहणारा

देशाटनाने माणूस शहाणा होतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. घरी राहणाऱ्याच्या पदरात काय पडते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. गेल्या मार्गशीर्षात मी एकटाच मोटार घेऊन मुडबीहून कोकणात जाऊन आलो. तेव्हापासून हा प्रश्न माझी पाठ सोडीत नाही.

निवृत्तीनंतर एकदा तरी सोबतीवाचून प्रवास करावा, अशी फार दिवसांची इच्छा होती. बसवकल्याणजवळ हमरस्ता धरला आणि उमरगा, सोलापूर, मिरज, कोल्हापूर असे टप्पे घेत तिसऱ्या दिवशी आंबा घाट उतरलो. तुरीची राने केव्हाच मागे पडली होती. बिदरच्या किल्ल्यात पाहिलेला तांबडा जांभा दगड घाटाखाली घराघरांच्या भिंतींत पुन्हा भेटला. वाटेल तेथे थांबावे, वाटेल तेव्हा निघावे. कोणाला विचारणे नाही, सांगणे नाही. बाराव्या शतकात आपल्याच कल्याणात बसवेश्वरांनी स्थावरापेक्षा जंगमाला थोर मानले. त्याचा अर्थ आपल्याला आज उमगला, असे मला वाटू लागले.

रत्नागिरीत थिबा राजवाडा पाहिला आणि हा अभिमान ओसरला. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून देशाबाहेर काढले. १८८६ पासून तो रत्नागिरीत होता व १९१६ मध्ये तेथेच वारला. मंडालेहून रत्नागिरी हा काही लहान प्रवास नव्हे. पण त्याला कोणी देशाटन म्हणणार नाही, कारण परतण्याची मुभा नव्हती. म्हणजे प्रवाशाचे स्वातंत्र्य निघण्यापेक्षा परतता येण्यात अधिक असते. आणि परतता यावे म्हणून कोणीतरी घर राखून बसावे लागते.

माझे घर धाकटा भाऊ राखीत होता. आई तीन वर्षे अंथरुणाला खिळलेली. तिला कुशीवर वळविणे, रात्री दोनदा उठून पाणी पाजणे, हे सारे तो आणि त्याची पत्नी करतात. मालवणच्या किनाऱ्यावर मी मावळता सूर्य पाहात असताना त्याचा दूरध्वनी आला. ‘दादा, आई बरी आहे. तुम्ही सावकाश या,’ एवढेच तो बोलला.

कोणी म्हणेल, तो आपखुशीने राहिला, मग ऋण कसले? परंतु ज्याला जाण्याविषयी कोणी कधी विचारलेच नाही, त्याच्या राहण्याला आपखुशी म्हणणे हे जाणाऱ्याच्या सोयीचे असते. मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या कोकणी पुरुषांच्या मनिऑर्डरींची वाखाणणी झाली. मागे शेत आणि म्हातारी माणसे सांभाळणाऱ्या बायकांची त्या मानाने थोडीच.

राहणे म्हणजे काहीच न करणे नव्हे, हे आपल्या जुन्या मराठी घरांना तरी सांगावयास नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपली माणसे जागची हलली नाहीत; राज्य तेवढे बदलले. त्यानंतर घरात मराठी आणि शेजारात कानडी, दोन्ही जपत नांदणे हे रोजचे काम होते, आणि ते त्यांनी केले.

आंबोलीचा घाट चढून बेळगावमार्गे परतताना जंगम या शब्दाचा मी पुन्हा विचार केला. त्यात केवळ हिंडणे अभिप्रेत नाही. निर्जीव दगडी बांधकामापेक्षा जे जिवंत आहे, ज्यात चैतन्य आहे, ते श्रेष्ठ, असा त्याचा रोख आहे. त्या अर्थाने रात्री दोनदा उठणारा माझा भाऊच जंगम ठरतो. शेकडो मैल हिंडूनही मी मात्र आपल्या सुखापासून तसूभर हललो नव्हतो.

प्रवास करू नये, असे मी म्हणत नाही. राहण्याची पाळी मात्र प्रत्येकाने घ्यावी. माघात भाऊ आणि वहिनी यांना मी आठ दिवस कोकणात पाठविले. ‘समुद्र कुठे पळून जातो?’ असे म्हणत तो निघेना, अखेर निघाला. चौथ्या रात्री आईने पाण्यासाठी हाक मारली, ती भावाच्या नावाने. मी ‘ओ’ दिली आणि उठलो.