पादुका आणि ओली काच

संतपुरुषाचे छायाचित्र पूजेत ठेवावे की नाही, आणि ठेवले तर पूजा नेमकी कशाची होते, हा प्रश्न वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्याला जवळचा आहे. नृसिंह सरस्वतींचे हे जन्मस्थान. चौदाव्या शतकात जन्मलेल्या या संन्याशाचा चेहरा कसा होता, हे आज कोणी सांगू शकत नाही. त्यावाचून दत्तसंप्रदायाची उपासना अडली नाही. गाणगापूरला त्यांच्या निर्गुण पादुका पुजल्या जातात. पादुकांना नाकडोळे नसतात. गुरू इथे होते, एवढेच त्या सांगतात.

याच परंपरेत दत्तावतार मानले गेलेले अक्कलकोटचे स्वामी समर्थ १८७८ मध्ये समाधिस्थ झाले. त्यांची छायाचित्रे मात्र आहेत. त्या काळी रूढ होती ती फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये जाहीर केलेली ओल्या काचेची रीत. काचेवर कोलोडियनचा चिकट थर ओतायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची. समोरच्या माणसाने काही सेकंद निश्चल बसायचे. त्याच्या अंगावरून परतलेला उजेड थेट त्या थरावर उमटे. या अर्थी काच चित्रापेक्षा पादुकांच्या अधिक जवळची आहे, तीही ठसाच.

हुबेहूबपणाचा तिचा दावा मात्र कच्चा आहे. या थराला निळा प्रकाश चटकन लागतो, लाल जवळजवळ लागतच नाही. त्यामुळे कपाळावरचे कुंकू काळे उमटते, भगवी छाटी काळपट दिसते आणि निळे आकाश पांढरेफटक होते. जे डोळ्यांना दिसले ते काचेवर नसते. मग भक्त हात जोडतो ते कशाला?

कारंज्यात सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तिन्ही दिगंबर जैन परंपरांची मंदिरे आहेत, आणि या प्रश्नाचे सर्वांत नेटके उत्तर जैन विचारातच सापडते. तत्त्वार्थसूत्रात नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव असे चार निक्षेप, म्हणजे वस्तूकडे पाहण्याच्या चार रीती, सांगितल्या आहेत. एका वस्तूच्या ठायी दुसरी मानणे ही स्थापना. ती तदाकार असते, जशी जिनप्रतिमा. अतदाकारही असते, जशी बुद्धिबळातल्या सोंगटीला हत्ती म्हणणे. मुक्त झालेला तीर्थंकर प्रतिमेत उतरत नाही, तरी वंदन व्यर्थ जात नाही, कारण त्याचे फळ वंदन करणाऱ्याच्या भावावर अवलंबून असते. या दृष्टीने कुंकू काळे उमटले म्हणून छायाचित्राचे पूज्यत्व घटत नाही, आणि चेहरा तंतोतंत जुळला म्हणून वाढतही नाही.

भावाची हीच गोष्ट काचेच्या एका दृष्टान्तातही भेटते. रामकृष्ण परमहंसांना डिसेंबर १८८१ मध्ये कलकत्त्याच्या एका स्टुडिओत छायाचित्र घेण्याची कृती दाखवली गेली. कोऱ्या काचेवर प्रतिमा टिकत नाही, रसायन लावलेल्या काचेवर टिकते, हे त्यांनी तिथे पाहिले आणि पुढे उपदेशात वापरले. त्यांच्या दृष्टान्तात काच म्हणजे ऐकणाऱ्याचे मन आणि रसायन म्हणजे भक्ती.