व्हेटो म्हणजे परवानगी नव्हे

बसा खाली. वादविवाद स्पर्धेत नंबर आला नाही याचं मला सोयरसुतक नाही. जळगावहून निघालो, एरंडोल गेलं, पारोळा गेलं, तरी तुमच्या गाडीत भेंड्याच चालू. टिपणांची घडीसुद्धा मोडली नाहीत. धुळ्याच्या व्यासपीठावर मग जे व्हायचं तेच झालं.

तू रे, इराकवर काय गर्जत होतास! संयुक्त राष्ट्रांच्या मंजुरीविना २००३ साली केलेला हल्ला बेकायदेशीर. ठीक. परीक्षकांनी एवढंच विचारलं, ‘मग गोवा?’ आणि तुझी बोबडी वळली. वर म्हणतोस काय, ‘गोवा आपलाच होता.’ अरे, १९९० साली कुवेतबद्दल सद्दामही हेच म्हणत होता!

१८ डिसेंबर १९६१ ला आपलं सैन्य गोव्यात शिरलं, १९ ला पोर्तुगीज गव्हर्नर जनरल शरण आला. तिकडे सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने ठराव आणला: लढाई थांबवा, भारताने सैन्य मागे घ्यावं. बाजूने ७ मतं, विरोधात ४. परिषद तेव्हा ११ जणांची, ७ मतं पुरेशी होती. ठराव पडला तो सोव्हिएत व्हेटोमुळे. आणि ही बाईसाहेब माईकवर ठोकून देते, ‘संयुक्त राष्ट्रांची मान्यता होती’! कुणी दिली गं? ठपका टळला, एवढंच.

म्हणून आपली बाजू लंगडी ठरते का? मुळीच नाही. पण ती मांडायला वाचावं लागतं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याने १९५१ मध्ये घटनाच बदलून गोव्याला ‘सागरापारचा प्रांत’ केलं, म्हणजे वसाहतच नाही, सोडायचं काय? १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. डिसेंबर १९६० मध्ये आमसभेने वसाहतवाद संपवण्याचा जाहीरनामा काढला, लगेच दुसऱ्या दिवशी पोर्तुगालच्या ताब्यातल्या प्रदेशांची यादी केली, तीत गोवा होता. आपले प्रतिनिधी सी. एस. झा सुरक्षा परिषदेत हेच भांडले, की हा वसाहतीचा प्रश्न आहे. यातलं एक अक्षर तुमच्या तोंडून आलं नाही.

यावरही समोरून वार होतो, बरं का. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम २(४) बळाचा वापर नको म्हणतं, आणि वसाहतींसाठी त्यात सूट लिहिलेली नाही. तो वार समोरच्यांनी केला नाही, कारण तेही तुमच्यासारखेच कोरे आले होते.

उद्या पहिल्या तासाला तू पोर्तुगालची बाजू मांडायचीस, ही भारताची. शनिवारी उलट. कागद हातात दिसला तर दोघांनाही बाहेर काढीन.