रेघ ओढली, पुढे?

ऑब्सिडियनसारख्या टिपणांच्या ॲपमध्ये दुहेरी चौकटी कंसात दुसऱ्या टिपणाचे नाव लिहिले की दोन्ही जोडली जातात. हळूहळू पडद्यावर ठिपक्यांचे आणि रेघांचे जाळे पसरते. दिसते झकास. पण जोतीराव फुल्यांकडून टॉमस पेनकडे गेलेली रेघ आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांकडे गेलेली रेघ अगदी सारखीच. पेनच्या 'राइट्स ऑफ मॅन'चा फुल्यांवर खोल ठसा उमटला; चिपळूणकरांनी निबंधमालेतून फुल्यांवर कोरडे ओढले. जाळ्याच्या लेखी दोघेही नुसते शेजारी.

मराठी विश्वकोशातल्या नोंदीखालचे 'पहा'ही कारण सांगत नाही, हे खरे. पण तिथवर पोचलेल्या वाचकाने निदान नोंद वाचलेली असते. जाळे मात्र आपण न वाचताच न्याहाळतो.

या रेघेचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न विल्यम वुड्स यांनी संगणकशास्त्रात १९७५ सालीच विचारला होता. त्याच्या कितीतरी शतके आधी मिथिलेच्या नव्यनैयायिकांनी, म्हणजे नव्या न्यायशास्त्राच्या पंडितांनी, संबंधाला असे मोकाट सोडले नव्हते. जमिनीवर घडा आहे, एवढेच म्हणायचे तरी संबंध कोणता, तर संयोग, म्हणजे नुसता स्पर्श. प्रतियोगी, म्हणजे ज्याचा संबंध तो, कोण, तर घडा. अनुयोगी, म्हणजे ज्याच्याशी संबंध तो, कोण, तर जमीन. धागे आणि वस्त्र यांच्यात संयोग नाही, समवाय, म्हणजे वेगळा न करता येणारा संबंध. ही परिभाषा वाचताना जीव मेटाकुटीला येतो; तरी संबंध जोडणे म्हणजे विधान करणे, आणि विधानाची जबाबदारी घ्यावी लागते, ही शिस्त तिच्यात आहे.

पण म्हणून संबंधांचे पन्नास प्रकार पाडावेत असे मला वाटत नाही. तो छंद लवकरच कारकुनी होतो. आधार, विरोध, उदाहरण, पूर्वपक्ष एवढ्यांवर पुष्कळ भागते. उरलेल्या ठिकाणी दुव्याशेजारी एक धड वाक्य लिहावे.

खरी पंचाईत अभावाची. वैशेषिक दर्शनाच्या परंपरेत पुढे अभाव, म्हणजे नसणे, हाही सातवा पदार्थ, म्हणजे अस्तित्वाचा एक मूलभूत प्रकार, ठरला. जाळ्यात मात्र रेघ नसणे म्हणजे संबंध नाही, की कुणी शोधलाच नाही? विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्याने यासाठी 'मूल्य नाही' आणि 'मूल्य अज्ञात' अशा दोन वेगळ्या नोंदींची सोय केली आहे. इंग्लंडची पहिली एलिझाबेथ निपुत्रिक होती हे सांगणे आणि तो रकाना कोरा ठेवणे एकच नव्हे. आपल्या खासगी टिपणांत ही सोय हातानेच करावी लागते: 'तपासले, संबंध आढळला नाही', आणि कुठे तपासले तेही.