रुळांच्या वाटेनं गाडी नेताना

चि. बाळास,


ताई आणि भावोजी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात डेन्व्हरला येताहेत आणि तू त्यांना बोरियास खिंडीतून नेणार आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. ज्या माणसाची सगळी हयात रेल्वेच्या नोकरीत गेली, त्याला दाखवण्यासारखा याहून चांगला रस्ता मला तरी कोलोरॅडोत माहीत नाही. मी त्यावरून पुष्कळदा गाडी नेलेली आहे. म्हणून निघण्याआधी एवढं वाचून घे.

सगळ्यात आधी हे लक्षात ठेव, की ही वाट मोटारीसाठी आखलेली नाही. ब्रेकनरिजपासून कोमोपर्यंतचे हे बावीसेक मैल म्हणजे ‘डेन्व्हर, साउथ पार्क अँड पॅसिफिक’ या रेल्वेची जुनी लाइन. १८८२ मध्ये गाडी खिंड ओलांडून ब्रेकनरिजला पोचली, ती खाणींच्या ओढीनं. १९३७ मध्ये लाइन बंद झाली, मग रूळ उखडले गेले आणि १९५०च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअरांनी त्याच भरावावरून मोटाररस्ता केला. त्या लाइनचं रुंदीमाप तीन फुटी नॅरोगेज. मोठ्या गाडीला जमणार नाहीत अशी आवळ वळणं ती लाइन घेऊ शकत होती. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर उभ्या चढाला घसरतं, म्हणून चढ मात्र बेतानंच ठेवावा लागला. डोंगराला वळसे घालत घालत शंभर फुटांत चारेक फूट वर, असा तो चढ आहे. तुझ्या बाबांना सांग, बोरघाटात सदतीस फुटांना एक फूट चढ आहे, इथं साधारण चोवीस-पंचवीस फुटांना एक. कर्जतला गाडीच्या मागे ढकलणारं बँकर इंजिन लागताना त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं आहे. वाफेच्या इंजिनांना इथं काय कष्ट पडले असतील, हे त्यांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

तुझ्या मोटारीला मात्र हा चढ काहीच वाटणार नाही, आणि इथंच माणूस फसतो. चढ सौम्य म्हणून रस्ता सोपा, असं समजू नकोस. ब्रेकनरिजबाहेर डांबर संपतं. पुढं खडी आणि माती, मधूनमधून आडव्या वळ्या पडलेल्या, काही ठिकाणी दगड वर आलेले. रस्ता रेल्वेच्या एका लाइनीपुरता, त्यामुळे कित्येक जागी दोन गाड्या जेमतेम मावतात, आणि कडेला कठडा नाही. ब्रेकनरिजकडून चढताना दरी आणि पलीकडची टेनमाइल डोंगररांग बहुतेक उजव्या हाताला राहते. बाबा शेजारी बसतील, त्यांना दरी पाहू दे. तू रस्ता पाहा. डोंगर पाहायचा असेल तर रुंद जागा बघून गाडी पूर्ण बाजूला घे, थांब, उतर आणि मग हवा तेवढा वेळ पाहा.

समोरून गाडी आली तर आपल्या घाटातला नियम इथंही आहे: चढणाऱ्याला वाट आधी, उतरणाऱ्यानं थांबायचं. पण नियमावर अडून बसू नकोस. रुंद जागा ज्याच्या जवळ, त्यानं मागं सरकावं, यातच शहाणपण. आंधळ्या वळणावर वेग पार कमी कर. पुढच्या गाडीची धूळ खाली बसेल एवढं अंतर ठेव. खिंडीनंतर कोमोकडे उतरताना गिअर पाडून उतर. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर असतो. सतत ब्रेकवर पाय ठेवलास तर ब्रेक तापतील आणि नेमक्या वेळी हात देणार नाहीत. स्टेपनीत हवा आहे का, जॅक जागेवर आहे का, हे आदल्या दिवशी स्वतः बघ. पेट्रोलची टाकी ब्रेकनरिजमध्येच भरून घे. फोनला रेंज मिळेल असं धरून चालू नकोस. नकाशा आधीच उतरवून ठेव. गाडी भाड्याची असेल तर करार नीट वाच, कारण कच्च्या रस्त्याला पुष्कळ करारांत मनाई असते. आणि त्या सकाळी रस्ता उघडा असल्याची खात्री करूनच नीघ. सप्टेंबरअखेर तिथं बर्फ पडणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

आता आईबाबांच्या तब्येतीबद्दल. आपल्या महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक कळसूबाई, ५,४०० फूट. डेन्व्हरचे रस्तेच जवळपास तेवढ्या उंचीवर आहेत. ब्रेकनरिज ९,६०० फुटांवर आणि खिंड ११,४८१ फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. विमानातून उतरल्या उतरल्या त्यांना वर नेऊ नकोस. चार-पाच दिवस डेन्व्हरमध्ये राहू देत. दोघांच्या औषधांबद्दल निघायच्या आधी डॉक्टरांशी बोलून घे. पाणी सतत पाजत राहा. वर पोचल्यावर त्यांना भरभर चालू देऊ नकोस. डोकं दुखलं, मळमळलं, श्वास लागला, तर ‘थोडं थांबून बघू’ म्हणायचं नाही, गाडी खाली वळवायची. उंचीच्या त्रासावर खाली उतरणं हाच खात्रीचा उपाय.

हे सगळं सांभाळलंस, की मग बाबांच्या हाती दिवस सोपव. निघताना आधी ब्रेकनरिजमधल्या हाय लाइन रेलरोड पार्कमध्ये थांब. तिथं १८८४ साली बांधलेलं ९ नंबरचं वाफेचं इंजिन आहे आणि बर्फ कापून फेकणारं रोटरी यंत्र आहे. ते यंत्र त्यांना नीट पाहू दे, कारण वर गेल्यावर त्याची गरज कळेल. डांबर संपल्यावर तीनेक मैलांनी बेकर्स टँक लागतो, इंजिनांना पाणी पाजणारी लाकडी टाकी. आणि खिंडीत १८८२ चं सेक्शन हाउस आहे, लाइन राखणाऱ्या कामगारांचं लाकडी घर. आता ते दुरुस्त केलेलं आहे आणि हिवाळ्यात स्की करत येणारे तिथं मुक्काम करतात.

त्या घरापाशी घाई करू नकोस. बोरियास म्हणजे ग्रीक पुराणातला उत्तरेच्या वाऱ्याचा देव, आणि ते नाव तिथं शोभतं. १८९९च्या हिवाळ्यात एवढं बर्फ पडलं, की ७९ दिवस ब्रेकनरिजला गाडीच पोचली नाही. अशा जागी माणसं बायकामुलांसह राहत होती, फावडी घेऊन रूळ मोकळे करत होती. गँगमनचं काम म्हणजे काय, पावसाळ्यात घाटात रात्रभर दरडींवर नजर ठेवणं म्हणजे काय, हे बाबांनी जवळून पाहिलेलं आहे. त्यांना त्या घराच्या ओट्यावर बसू दे आणि बोलू दे. तू विचार, ते सांगतील. मुलांना बापाचं काम पगाराच्या आकड्यातून तेवढं ठाऊक असतं. इथं तुला ते समोर उभं दिसेल.

आणखी एक गोष्ट त्या इतिहासातून गाळू नकोस. या खोऱ्यात युट लोक उन्हाळ्यात शिकारीला येत. रूळ खिंडीकडे चढत होते त्याच सुमारास, १८८१ मध्ये, पश्चिम कोलोरॅडोतल्या युटांना बहुतांशी त्यांच्या भूमीतून हुसकावून युटामध्ये पाठवलं गेलं. लाइन टाकणाऱ्यांच्या कष्टाला मान द्यावा, आणि ती जागा कुणाची होती हेही त्याच दमात सांगावं.

अ‍ॅस्पेनची झाडं त्या दिवसांत पिवळीधमक असतील. पुष्कळदा एकेक राई म्हणजे मुळांनी जोडलेलं एकच झाड असतं. त्याच्या पांढऱ्या सालीवर नाव कोरलं तर ती जखम काळी होऊन कायम राहते, तेव्हा कुणी कोरत असेल तर नम्रपणे थांबव. रस्ता सोडून गवतावर गाडी घालू नकोस. एवढ्या उंचीवरचं गवत चाकाखाली गेलं तर लवकर सावरत नाही. जुना खिळा, लोखंडाचा तुकडा दिसला तर बाबांना हातात घेऊन पाहू दे आणि जिथला तिथं ठेवा.

कोमोला उतरलात की दगडी राउंडहाउस पाहा. तिथून महामार्ग २८५ नं डेन्व्हरला परत या. वाटेतल्या केनोशा खिंडीतूनही हीच रेल्वे जात असे. बावीस मैलांना एवढा वेळ कसा लागला, असं कुणी विचारलं तर विचारू दे. ही लाइन आखणाऱ्यांनी वेग सोडला म्हणूनच ती डोंगर चढू शकली. तूही त्या दिवशी वेग सोड. संध्याकाळी कुणाकडे जेवायला जायचं कबूल करू नकोस, दुसऱ्या दिवशी सकाळचं कसलं काम ठेवू नकोस. आईबाबा दूरवरून येताहेत ते तुझ्याबरोबर वेळ काढायला. तो अख्खा दिवस त्यांना दे.

ताईला नमस्कार, भावोजींना नमस्कार.

तुझा,
मामा