ऋषिपंचमीची भाजी आणि बैलाचे श्रम

भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणेश चवथीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीचे व्रत धरणाऱ्या बायका बैलाच्या कष्टाचे काही खात नाहीत. भात, नाचणी, गहू, डाळी असे नांगरटीवर पिकलेले सगळे त्या दिवशी वर्ज्य. उरते ते परसातले आणि बांधावरचे: अळू, सुरण, माठ, लाल भोपळा, शिराळी, पडवळ, काकडी, ओले खोबरे. गोव्यातल्या मुळगावात आणि एकंदर डिचोली-पेडण्याकडच्या गावांत पावसाच्या शेवटी हे सारे दाराशीच मिळते. गणपतीवर टांगायच्या माटोळीला रानातली फळे बांधायची ती हीच वेळ.

या जिन्नसांची एकत्र भाजी एकाच पातेल्यात, एका चुलीवर होते. फोडणी नाही, वाटणघाटणही फारसे नाही. आधी सुरणाच्या फोडी आणि अळूचे देठ चिंचेच्या कोळात शिजू द्यायचे. अळू-सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी घसा खवखवतो. आंबटाने आणि पुरेशा शिजण्याने तो त्रास कमी होतो. चिंचेऐवजी आंबाडे किंवा सोलेही चालतात. मग भोपळा, शिराळी, पडवळ, शेवटी चिरलेला माठ, मीठ, हिरवी मिरची. वरून मूठभर खोबरे. भाज्यांना सुटलेल्या पाण्यातच भाजी होते.

पिष्टमय पदार्थ कमी करू पाहणाऱ्याला हे ताट सहज पटावे. शिजलेल्या 100 ग्रॅम भातात सुमारे 28 ग्रॅम कर्बोदके असतात, तेवढ्याच शिराळ्यात किंवा पडवळात जेमतेम तीन-चार. सुरण आणि अळूचे कंद मात्र पिठाळ, तेव्हा त्यांचा वाटा बेताचाच ठेवावा. याउलट एकादशीला सर्रास खाल्ला जाणारा साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. धान्य सोडून साबुदाणा खाणाऱ्याचा नियम पाळला जातो, पण पोट हलके राहत नाही.

ऋषिपंचमीचा नियम मात्र कर्बोदके मोजायला घातलेला नाही. त्यामागचा प्रश्न असा: पानातल्या घासात कोणाचे श्रम आहेत? व्रताच्या कहाणीत एक ब्राह्मण दांपत्य पुढच्या जन्मी आपल्याच मुलाच्या घरी येते, बायको कुत्री होऊन आणि नवरा बैल होऊन. मुलगा बैलाला दिवसभर नांगराला जुंपतो आणि रात्री उपाशी ठेवतो. या कहाणीने बाईच्या मासिक पाळीला लावलेला दोष आज कोणी मान्य करू नये. राबून उपाशी राहिलेला तो बैल मात्र विसरण्याजोगा नाही. वर्षभर ज्याच्या खांद्यावर भात पिकला, त्याच्या कष्टातले काही एक दिवस घ्यायचे नाही, हा विचार व्रताच्या गाभ्याशी आहे. बैल वगळला की धान्य आपोआप जाते, आणि ताट हलके होते ते त्याच्या मागोमाग.

आता शेतात बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर फिरतो. मग यंत्राने पिकवलेला तांदूळ चालावा काय? शब्दशः पाहिले तर चालावा, पण व्रत करणाऱ्या बायका सहसा तो शिजवत नाहीत, आणि तेच योग्य वाटते. श्रम करणारा बदलला तरी दुसऱ्याच्या श्रमावर पोसले जाण्याची जाणीव ठेवायची असेल, तर वर्ज्याचा अर्थ ट्रॅक्टर चालवणाऱ्या मजुरापर्यंत न्यावा लागतो. बाजारातून आणलेली भाजीही मग विचारात येते: ती कोणी पिकवली, त्याला काय मिळाले? परसातल्या वेलीची भाजी स्वस्त पडते हे खरे, शिवाय तिच्या बाबतीत हा प्रश्न बराचसा सुटतो.

गोव्यात याच तिथीला अनेक घरांत नव्याची पंचम असते. शेतातून नवी कणसे आणून ती गणपतीपुढे ठेवतात, दाराला बांधतात. एका घरात त्याच दिवशी भाताच्या लोंबीची पूजा होते आणि व्रत धरलेली बाई भाताला हात लावत नाही. यात विरोध नाही. अन्नाचा मान राखायचे हे दोन प्रकार आहेत, आणि धान्याला अपवित्र ठरवून सोडले असते तर ते एका घरात नांदले नसते.